चुकायची शिकवणी

द्वारका खोब्रागडे आमच्या शाळेत रुजू झाली तेव्हा तिला बसायला खोली नव्हती. मंडईच्या मागच्या बोळात आमची शाळा. पट इतका घसरलेला की अर्धे वर्ग रिकामे, उंदरांनी हजेरी लावावी असे. तरी तिला खोली नव्हती. शेवटी प्रयोगशाळेला लागून असलेली अडगळ तिला मिळाली. तुटकी बाकं, गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे मुकुट आणि माझे भूगोलाचे फाटके नकाशे तिथे पडलेले असायचे. दारावर 'संसाधन कक्ष' अशी पाटी लागली, कारण तपासणीला येणाऱ्यांना ती दाखवावी लागते. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्या जागेचं बारसं पहिल्याच आठवड्यात झालं: गॅरेज. "ह्याला गॅरेजला टाका." "गॅरेजमधून काही दुरुस्त होऊन येतंय का, की नुसताच धूर?" पुण्यात विनोद असाच करतात, ज्याला लागायचा त्याला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात.

गॅरेजला जायची ती मुलं धड होती. डोळे चांगले, कान चांगले, सांगितलेलं काम करणारी, खेळात पुढे. फक्त भाषा त्यांच्या हाती लागत नव्हती. बोलायला गेलं की शब्द सापडायचा नाही, सापडला तर कागदावर उतरायचा नाही, उतरला तर अक्षरं जागा बदलून बसायची. पूर्वी अशा मुलांना 'ढ' म्हणायचे. आता तसं म्हणायला बंदी आहे म्हणून 'अध्ययन अक्षम' म्हणतात. म्हणणाऱ्यांचे चेहरे बदललेले नाहीत.

द्वारका मूळची भंडाऱ्याची. शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला ती पुण्यात आली, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनी तिच्या 'मले, तुले, काऊन'वरून तिची इतकी टर उडवली की पहिलं वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. हे तिनेच मला सांगितलं, तेही हसत. पुढे तिने आपली भाषा अशी घासूनपुसून लख्ख केली की तिच्या 'ळ'ला आणि 'ण'ला सदाशिव पेठेतही कुणी नाव ठेवलं नसतं. चिडली की मात्र भंडारा बाहेर यायचा. बोलायला तोंड उघडावं आणि समोरच्याने हसावं, हे तिने स्वतः सोसलं होतं. म्हणून ती ह्या मुलांकडे वळली असावी. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "छे हो दात्ये बाई, नोकरी मिळत होती म्हणून."

माझा वर्ग गॅरेजच्या शेजारीच, त्यामुळे तिची शिकवायची रीत मी भिंतीपलीकडून ऐकून पाठ केली होती. मराठी वाक्याचा सगळा भार शेवटी असतो, क्रियापदावर, आणि ही मुलं नेमकं तेच गाळतात. 'आई मंडईत भाजी' असं लिहून थांबतात. आईने भाजी आणली, विकली की सांडली, ते वाचणाऱ्याने बघून घ्यावं. द्वारकाने पाच बोटांना पाच कामं लावून दिली. करंगळी म्हणजे कोण, तिच्या शेजारचं बोट कधी, मधलं कुठे, चौथं काय, आणि अंगठा म्हणजे केलं, गेलं, आणलं, पडलं. आधी वाक्य तोंडाने म्हणायचं. म्हणताना एकेक बोट मिटायचं. शेवटी अंगठा वर येऊन मूठ बंद झाली की वाक्य पुरं. मूठ बंद झाल्याशिवाय पेन्सिलीला हात लावायचा नाही. लिहून झालं की प्रत्येक शब्दावर बोट ठेवत तेच वाक्य परत म्हणायचं, आणि म्हटलेलं व लिहिलेलं जुळलं नाही तर खोडायचं. आमचे खेळाचे सर एकदा खिडकीतून आत डोकावले आणि मुठी आवळून बसलेली मुलं पाहून म्हणाले, "मोर्चा कुठे निघालाय?"

अपेक्षा कुंजीर पाचवीत ह्या मोर्चात दाखल झाली. ती हडपसरपलीकडच्या मांजरी गावची. तिथल्या शाळेने तिच्या वडिलांना सांगितलं होतं, "हिला दुसरीकडे बघा." आमच्या शाळेला मुलं हवीच होती, अगदी व्हॅन पाठवून आणत होतो. वडील सुदर्शन कुंजीर हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचे. इंजिनिअर पोरांना पहाटे उचलायचं आणि रात्री सोडायचं, मधल्या वेळात बसमध्येच झोपायचं. पोरगी शिकावी एवढीच त्यांची इच्छा, म्हणून नाव अपेक्षा. आता ह्या नावात 'क्ष' आहे. ज्या मुलीला साधा 'क' आणि 'ष' वेगळे काढता येत नाहीत, तिच्या नावात आईबापांनी 'क्ष' घालून ठेवला होता. ती कधी 'अपेशा' लिहायची, कधी 'अक्षेपा'. वर्गशिक्षिका हजेरी घेताना विचारायच्या, "आक्षेप आहे का?" आणि सगळा वर्ग हसायचा. हसायची वेळ आली की आपणही हसायचं असतं, एवढं त्या मुलीला कळलं होतं. तीही हसायची.

आणखी एक गोष्ट होती आणि ती पुढच्या सगळ्याला कारण झाली. अपेक्षाला सांगितलेलं जसंच्या तसं कळायचं, त्याच्या अलीकडचं पलीकडचं काही नाही. एकदा माझ्या तासाला वर्ग गोंगाट करत होता. मी ओरडले, "वहीत डोकं घाला सगळ्यांनी!" बाकीची मुलं लिहायला लागली. अपेक्षाने कपाळ वहीवर टेकवलं आणि तास संपेपर्यंत तशीच राहिली. तिची थट्टा नव्हती ती. तिने माझं ऐकलं होतं, आणि वर्गात माझं ऐकणारी ती एकटीच होती.

तिला लिहायला शिकवता शिकवता द्वारकाच्या नाकी नऊ आले. पाचवीचं वर्ष नुसतं मूठ मिटण्यात गेलं. सहावीत एक वाक्य आलं. सातवीत दोन वाक्यं आली, पण दोन्ही तीच. आठवीत 'म्हणून' आला. एका वाक्याचं दुसऱ्याशी काही नातं असतं हे तिला कळलं, त्या दिवशी द्वारका शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाली, "अपेक्षाने 'म्हणून' लिहिलं." कुणीतरी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं, "म्हणून?" सगळे हसले. द्वारका कपाटातून डबा घेऊन परत गेली.

अपेक्षाला स्वतःला काय हवं होतं, तेही सांगायला हवं. तिच्या घराजवळ एक बेकरी होती. तिथे ती सुट्टीत जाऊन बसायची, पीठ मळून द्यायची, नानकटाई थापायची. हाताला अंदाज होता. बेकरीवाला म्हणाला होता, सरकारी संस्थेत बेकरीचा कोर्स असतो, तो करून ये, मी ठेवून घेतो. कोर्सला दहावी पास लागते. तिचं सगळं स्वप्न एवढंच होतं, नुसतं पस्तीस टक्क्यांचं.

अशा मुलांना दहावीला सवलती असतात. जास्तीचा वेळ मिळतो, शुद्धलेखनाचे गुण कापत नाहीत, आणि लेखनिक मिळतो, म्हणजे मुलीने तोंडी सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. बोलून अपेक्षा पास झाली असती, अगदी सहज. पण त्यासाठी तपासणी केंद्राचा दाखला लागतो. तिचा पाचवीतला दाखला जुना झाला होता. दहावीच्या आधी नवी तपासणी करणं भाग होतं. नववी संपता संपता तारीख मिळाली. वडिलांनी बसवर बदली ड्रायव्हर दिला आणि द्वारकाही सोबत गेली.

केंद्राच्या दारात अपेक्षा घाबरली. द्वारकाने तिचा हात धरला आणि सांगितलं, "घाबरायचं नाही. नीट लिही."

नियम द्वारकाला ठाऊक नव्हता असं नाही. मुलीला लिहिता येत नाही हे सिद्ध झालं तरच दाखला मिळतो, हे तिने स्वतः किती पालकांना समजावून सांगितलं होतं. पण पाच वर्षं जी बाई रोज सकाळी 'नीट लिही' म्हणत आली, ती परीक्षेच्या दारात दुसरं काय म्हणणार? तिच्या तोंडातून ते आपोआप गेलं. आणि अपेक्षाने, नेहमीप्रमाणे, सांगितलेलं केलं.

विषय दिला होता 'माझा आवडता पदार्थ'. अपेक्षा आत मुठी मिटत बसली. तिने शेंगोळ्यांवर लिहिलं. आई कुळथाचं पीठ मळते. मी वळते. आई लसणाची फोडणी देते. थंडी असते म्हणून आम्ही चुलीपाशी बसतो. अशा सहा ओळी. सहाही वाक्यांना क्रियापद, दोन ठिकाणी 'म्हणून', खाली 'अपेक्षा' असं नाव, 'क्ष'सकट. तपासणाऱ्या बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "लिहिते की हो तुमची मुलगी!"

दुसऱ्या दिवशी द्वारकाने शाळेत पेढे वाटले. मीही खाल्ला, चांगला होता. ती हसत होती, डोळे पुसत होती, परत हसत होती. एका परक्या माणसाने अपेक्षाचं अक्षर वाचलं होतं आणि त्याला ते समजलं होतं. गॅरेजमध्ये एवढ्या वर्षांत तिने तेवढंच मागितलं होतं. पुढे काय होणार ते त्या क्षणी तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मला तिचा अजून राग येतो. इतकी हुशार बाई, आणि आनंदाच्या भरात इतकी बावळट.

काही दिवसांनी केंद्राचा कागद आला. विद्यार्थिनीचं लेखन निकषापेक्षा वरच्या पातळीचं आहे, सबब सवलतीस पात्र नाही.

सहा ओळी म्हणजे दहावीचा पेपर नव्हे, हे कुणालाही कळावं. त्या सहा ओळींना तिला जवळजवळ तासभर लागला होता. कृतिपत्रिका तीन तासांची, आणि पानंच्या पानं लिहायची. लेखनिकाशिवाय अपेक्षा कुठल्याच विषयात पास होणार नव्हती, भूगोलात तर मीच तिला पास करू शकले नसते. पण केंद्राच्या निकषात घड्याळ नव्हतं, ओळी होत्या, आणि त्या तिने लिहिल्या होत्या.

आमच्या मुख्याध्यापिका राजनंदिनी मॅडम. शाळेच्या दाराशी 'दहावीचा निकाल शंभर टक्के' असा फलक आहे आणि तो खाली उतरला तर मॅडमही खाली उतरतील, अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी द्वारकाला आणि सुदर्शन कुंजीरांना बोलावलं. मी तिथे होते, वेळापत्रकावर सही घ्यायला गेले होते, आणि मला कुणी जा म्हटलं नाही.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "एकदा फेरतपासणी मागता येते. ती मागा आणि दाखला आणा. नाहीतर तिचं नाव काढा आणि सतरा नंबर भरा." सतरा नंबर म्हणजे शाळेत न राहता बाहेरून परीक्षेला बसायचं. नापास झालेलं मूल मग शाळेच्या निकालात धरत नाहीत. फलक स्वच्छ राहतो.

सुदर्शन टोपी हातात घेऊन उभे होते. मग ते मॅडमकडे नाही, द्वारकाकडे वळले. "बाई, तुमी तिला चांगलं शिकवलं. त्याचं हे फळ हाय का?"

द्वारकाने केंद्राचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"आता पुन्हा तपासतील. तिथं तिला येत न्हाई असं दिसाया पायजे. मी घरी सांगून बघितलं, चूक लिही म्हून. ती म्हनती, बाईंनी नीट लिही म्हनलंय. माझं ऐकत न्हाई ती. तुमचंच ऐकती." ते थांबले आणि म्हणाले, "तुमी शिकवलं, आता तुमीच इसरायला शिकवा."

"मी नाही शिकवणार," द्वारका म्हणाली. "कुंजीर, मले हे नाही जमणार."

"मले!" मॅडम हसून म्हणाल्या. "खोब्रागडे, तुमचं मानधनाचं पत्र दर वर्षी माझ्याच सहीने निघतं ना?" आणि त्यांनी माझ्या वेळापत्रकावर सही केली.

द्वारकाने दोन दिवस काही केलं नाही. मला म्हणाली, "पाच वर्षं लागली हो. मी तिला आता काय सांगू?" मी म्हटलं, सांगून टाक, एक दिवसाचा खोटेपणा, मुलीचं आयुष्य आहे. आजही मी तेच सांगेन. दाखल्यापुरतं चुकलं तर कुणाचं काय जातं? पण चुकायचं कसं हे ठाऊक असायला माणसाला बरोबर आणि चूक ही दोन्ही खेळवता यावी लागतात. आपल्याला येतात. खोटं बोलायला भाषा चांगली लागते. त्या मुलीपाशी होती तेवढी सगळी भाषा खरं सांगण्यातच खर्च होत होती.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. द्वारकाने नेहमीचं वाक्य घेतलं. अपेक्षाने म्हटलं, बोटं मिटली.

"आता अंगठा उघडा ठेव," द्वारका म्हणाली.

"उघडा?"

"हो. शेवटचा शब्द लिहायचा नाही."

"मग वाक्य पुरं नाही होणार."

"नाही होऊ द्यायचं."

मग अपेक्षा म्हणाली, "पण बाई, ते चूक आहे."

"चूकच लिहायचं आहे."

नेहमीच्या मुलांसारख्या वेलांट्या चुकवून उपयोग नव्हता, ते द्वारकाला कळत होतं. तपासणाऱ्यांना खरी चूक आणि बनावट चूक ओळखता येते. म्हणून तिने अपेक्षाच्या पाचवीतल्या चुका काढल्या, तिच्या स्वतःच्या, आणि त्याच तिला परत शिकवल्या. 'क'च्या जागी कुठलं अक्षर यायचं, कोणता शब्द गळायचा, मात्रा कुठे जायची. मुलगी त्या गिरवायची. जे पुसून काढायला पाच वर्षं गेली होती, ते द्वारका रोज दुपारी तिच्या हातात परत भरत होती. नाव लिहायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "नाव 'अक्षेपा' लिही." अपेक्षा म्हणाली, "त्याच्यावर हसतात." द्वारका म्हणाली, "हसू दे." आणि मग ती उठून व्हरांड्यात आली. माझ्याकडे बघितलं, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि आत गेली.

अपेक्षाने एकच प्रश्न विचारला, आणि तो तिने अनेकदा विचारला. "बाई, मग बरोबर कधी लिहायचं?"

"मी सांगेन तेव्हा."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी असेन," द्वारका म्हणाली.

फेरतपासणीला तिने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. अंगठा उघडा ठेवला, शब्द गाळले, 'अक्षेपा' लिहिलं. तपासणाऱ्या बाई दुसऱ्या होत्या, मायाळू होत्या. त्यांनी कागद पाहिला, जुना शेंगोळ्यांचा कागद पाहिला, दोन्ही शेजारी ठेवले आणि गोड आवाजात विचारलं, "बाळ, मराठी कोण शिकवतं तुला?"

"खोब्रागडे बाई."

"छान शिकवतात का?"

"खूप छान शिकवतात," अपेक्षा म्हणाली. "चुकायला पण त्यांनीच शिकवलं."

तिला वाटलं आपण बाईंचं कौतुक करतोय. बाहेर आल्यावर तिने द्वारकाला आनंदाने सांगितलं, "मी तुमचं नाव सांगितलं."

दाखला मिळाला नाही. उलट शाळेला पत्र आलं की विद्यार्थिनीला खोटं लेखन करण्याचं प्रशिक्षण दिल्याचं दिसून येतं, संबंधित शिक्षिकेवर योग्य ती कारवाई करावी. राजनंदिनी मॅडमनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं. वाचताना त्यांचा आवाज किंचितही हलला नाही. "शाळेच्या नावाला बट्टा लावणारा प्रकार मी खपवून घेणार नाही," त्या म्हणाल्या. ज्यांनी हे करायला लावलं त्यांनीच शिक्षा फर्मावावी आणि आपण खाली मान घालून ऐकावं, इतकं निर्लज्ज दृश्य मी नोकरीत दुसरं पाहिलेलं नाही. मी मध्येच म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी तिथे होते." त्या म्हणाल्या, "दात्ये बाई, तुमची निवृत्ती जवळ आलीय ना? मग शांतपणे घ्या." खेळाचे सर खिडकीबाहेर कबुतरं मोजत होते.

द्वारका त्याच आठवड्यात गेली. तिला मुलांना भेटू दिलं नाही. अपेक्षा दोन दिवस गॅरेजच्या दाराशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिथे पुन्हा तुटकी बाकं आणून टाकली. 'संसाधन कक्ष' ही पाटी तेवढी ठेवली, तपासणीसाठी. अपेक्षाचं नाव शाळेतून काढलं आणि तिला सतरा नंबर भरायला लावला. आमचा निकाल त्या वर्षीही शंभर टक्के लागला.

द्वारका आता हिंजवडीत एका मोठ्या वसाहतीत मुलांना सुंदर हस्ताक्षर शिकवते. त्या मुलांना लिहिता येतं, नुसतं सुंदर करून हवं असतं. भंडाऱ्याचा आवाज तिथे कधी बाहेर येत नाही, कारण चिडण्यासारखं काही घडत नाही. मी एकदा गेले होते. आम्ही चहा प्यायलो. तिने मुलांच्या वह्या दाखवल्या, एकेक अक्षर टपोरं. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, "ह्यात माझं काही नाही हो."

पण त्याआधी दहावीची परीक्षा झाली, आणि पहिला पेपर मराठीचा होता. आदल्या दिवशी द्वारकाने मला फोन केला. "तुम्ही याल का माझ्याबरोबर? पेपर सुरू व्हायच्या आधी एकदा भेटून तिला सांगायचं आहे." आम्ही निघालो, पण हडपसरला रस्ता तुंबला होता. पोचलो तेव्हा परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. फाटकावरच्या शिपायाने आत निरोपही नेला नाही. आम्ही तीन तास समोरच्या रसवंतीत बसलो. द्वारकाच्या ग्लासातला रस तसाच होता.

पेपर सुटला. सुदर्शन बसची ड्युटी टाकून आले होते, फाटकाशी पाण्याची बाटली घेऊन उभे होते. अपेक्षा बाहेर आली आणि द्वारकाला बघून धावतच तिच्याकडे गेली. इतकी खूश होती की बापाकडे तिने बघितलंही नाही.

"किती सोडवलं?" सुदर्शननी विचारलं.

"दोन प्रश्न."

"आन् बाकीचे?"

"घंटा झाली."

सुदर्शननी बाटली पायाशी ठेवली आणि ते तिथेच फाटकाला टेकून उभे राहिले. द्वारका खाली बसली, मुलीच्या समोर, रस्त्यावरच. "अपेक्षा, काय झालं? सुचत नव्हतं का?"

"सुचलं. सगळं सुचलं. पण मी दोनदा लिहिलं ना, म्हणून वेळ गेला."

"दोनदा?"

"प्रत्येक उत्तर दोनदा. आधी बरोबर, त्याच्या खाली चूक. बरोबर लिहिलं तेव्हा बाबा रागावले. चूक लिहिलं तेव्हा तुम्ही गेलात. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी दोन्ही लिहिलं."

वाक्याला 'म्हणून' होता आणि क्रियापदही जागेवर होतं.